चांदणी इकून आणलेली एमूची जोडी

न्हाय, न्हाय, न्हाय! पावणं, बसा आधी आन नीट ऐका, ही बरगडी म्हशीनं मोडलेली न्हाय! दिवाळी हून म्हैना झाला, जो येतोय त्यो दारातनंच वरडतोय, "काय आकाराम, म्हशीनं हाणलं व्हय?" आरं, म्हशीनं हाणलं असतं तर छाती फुगवून सांगितलं असतं की! आता फुगतबी न्हाय म्हणा, जरा फुगवली की आतनं अशी कळ मारतीया... जाऊ द्या. तुमाला सांगतो, कोल्हापुरात बरगडी मोडायच्या दोनच सरळ रीती, याक तालीम न्हायतर म्हस, आन दोन्हीत मान हाय. माझी कशानं मोडली? पक्ष्यानं! डाक्टरनं इचारलं, "कशानं लागलं?" मी म्हणलं, "पक्ष्यानं लाथ घातली." त्येनं चष्मा काढला, पुसला, परत घातला आन म्हणतोय कसा, "चिमणी का साळुंकी?" थोबाडीत दिली असती बगा त्येच्या, पर हात वर हुईना!

एमू! एमू म्हणत्यात त्येला. आस्ट्रेलियाचा. उंची माझ्याएवढी, मान नळीगत, पाय पैलवानाचं आन डोस्कं... डोस्कं माझ्यागतच असणार, न्हायतर आमची गाठ पडली नसती. उडता येत न्हाय, गाता येत न्हाय, दूध देत न्हाय, वझं वडत न्हाय. मग करतोय काय? लाथा घालतोय! आन हे असलं ध्यान मी चाळीस हजाराला जोडी आणलं. चाळीस! आठ हजाराला मिळत हुतं तवा घेतलं न्हाय हां. तवा मी शाना हुतो.

तवाचं ऐका. दोन हजार पाच साल. आमी सांच्याला दुधाच्या कट्ट्यावर उभं. तुमी बाहेरगावचं, तुमाला सांगाय पायजे, आमच्याकडं म्हस कट्ट्यावर आणून उभी करायची, गिऱ्हाईक आलं की त्येच्या म्होरंच धार काढायची आन फेसाचा गलास त्येच्या हातात. माझी चांदणी! कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांदणी. दोन्ही येळचं मिळून चौदा लिटर दूध, आन माझ्याबिगर कुणी सडाला हात लावला की त्यो माणूस थेट गटारीत! तर तितं आला माझा मेव्हणा सयाजी. बायकूचा धाकटा भाऊ, फुडच्याच गल्लीत ऱ्हातोय. म्हणाला, "दाजी, एमूची जोडी आठ हजाराला मिळतीया. मी घेतली, तुमीबी घ्या." मी याकच सवाल केला, कोल्हापूरचा कुठलाबी शाना माणूस करील त्यो... "रस्सा हुतोय का?"

"छ्या दाजी! कापायचा न्हाय, इकायचा."

"कुणाला?"

"फुडच्याला."

"त्यो काय करणार?"

"त्यो त्येच्या फुडच्याला इकणार."

"आन शेवटचा?"

सयाजी असा हसला, जसं मीच आस्ट्रेलियाचा हाय. "दाजी, शेवटचा यील कशाला? भाव चढायलाय की!"

मी हसलो, कट्टा हसला, दोन पैलवान दूध पीत हुते त्येंच्या नाकातनं फेस आला! सयाजीला आला राग. त्येनं माझ्या हातातला गलास उडवला, मी त्येच्या कानसुलात दिली, त्येनं माझं नरडं धरलं, आन दोघं गेलो गटारीत. चांदणीनं वरनं एकदा बगितलं आन रवंथ करत ऱ्हायली. तिला तवाच कळलं असणार की ह्या घराचं काय खरं न्हाय.

सा म्हैन्यानं सयाजी परत कट्ट्यावर. नुसता म्हणाला, "पंधरा." मी म्हणलं, "पंधरा काय?" "हजार. जोडी." आता तुमीच सांगा, आठाला न्हाय घेतलं त्ये पंधराला कसं घेणार? इज्जत हाय का न्हाय? मग मी काय केलं, त्येला पाडून बडवला. कारण काय? कारण कायबी न्हाय, पंधरा म्हणाला म्हणून! पर बडवून भाव उतरतोय व्हय? वरसानं आला, दोन पावलं लांब हुबारून म्हणाला, "दाजी, इकली जोडी. कंपनीनंच परत घेतली. पंचवीस." आन खिशातनं नोटा काढून माझ्या नाकाखालनं अशा फिरवल्या... कोऱ्या हो! वास आला मला. त्या दिवशी सयाजीला हाणलं न्हाय. घरी आलो, बादलीला लाथ घातली, अंगठ्याचं नख गेलं, लंगडत जाऊन भित्तीवर बुक्की हाणली, बोटं सुजली, आन त्या सुजल्या बोटांवर मोजत बसलो... आठाचं पंधरा, पंधराचं पंचवीस, म्हंजे फुडं किती?

आमची शालू, म्हंजे मंडळी आमची, भाकरी थापत हुती. म्हणाली, "अवो, आठाला नगं म्हणालासा आन आता घ्याय निघालासा? चोच तीच, पाय त्येच, मग म्हाग कशानं झाला?"

मी म्हणलं, "म्हाग झाला म्हंजेच चांगला हाय! वाईट माल कधी म्हाग झालाय व्हय?"

"आन उतरला तर?"

"उतरंल कसा? भाव चढायलाय की!"

तिनं फुकणी उचलली. आता खरं सांगतो, फुकणी मला लागली त्ये एमूपायी न्हाय. तिच्या भिशीचं पाच हजार पिठाच्या डब्यात हुतं, त्या डब्यात माझा हात हुता.

आन पस्तीस कमी पडत हुतं, कारण तवर भाव छत्तीसाला गेलता, आन रोज चढतोय म्हणून मी चाळीस धरलं हुतं. पस्तीस कुठनं आणणार? घरात पस्तीसाची याकच वस्तू, ती गोठ्यात बांधलेली. आन घेणार कोण? ज्येच्या खिशात कोरे पंचवीस हजार हुतं त्योच. सयाजीनं वर धा घातलं आन चांदणीचं दावं धरलं. गल्लीच्या टोकाला गेली, वळली आन मला बघून हंबारली. मी रडलो. सांगतो की, त्यात लाज कसली? रडत रडत नोटा मोजल्या, दोनदा चुकलो. सयाजी म्हणाला, "दाजी, रडाय काय झालं, फुडच्या गल्लीत तर चाललीया!" मी म्हणलं, "हसतोस व्हय रं माझ्या त्वांडावर?" आन उचलली वीट. त्या दिवसापास्नं सयाजीचं आन माझं बोलणं बंद. त्यो माझ्या दारात न्हाय, मी त्येच्या न्हाय. हे ध्यानात ठेवा, फुडं लागतंय.

मग गेलो शाहूपुरीत, कंपनीच्या हापिसात. काचंचं दार, आत गारवा, भित्तीला काळा फळा आन फळ्यावर खडूनं ल्हिलेलं... "आजचा भाव". आन सायब! सम्राट सायब. कोट घालून, उन्हाळ्यात बी कोट! रांग अशी हुती की रस्त्यावर. मी बारावा. फळ्यावर छत्तीस. माझ्या मागं चार माणसं आली की सायब आतनं येणार, रांग बगणार, हातानं फळा पुसणार आन ल्हिणार सदतीस. की आली आणखीन धा माणसं पळत, "भाव चढला, भाव चढला!" रांग वाढली. सायब आलं, पुसलं, अडतीस. म्हंजे रांग वाढली की भाव चढायचा, आन भाव चढला की रांग वाढायची! मला तितंच कळाय नगं? कळलं की! पर काय कळलं? फुडं घुसाय पायजे! घुसलो. म्होरच्या माणसाच्या पेकाटात गुडघा घातला, त्येच्या म्होरच्यानं माझ्या मुस्काटात दिली, मी त्येचं नाक फोडलं, मागच्यानं माझा सदरा फाडला, काचंच्या दाराला रगात, आन सायब आतनं गोड आवाजात, "शांतता ठेवा, काका. सर्वांना संधी आहे. पण एक सांगतो, आज थांबलात तर उद्या मलाच शिव्या द्याल." काउंटरवर पोचलो तवा चाळीस. फाटका सदरा, गळणारं नाक आन चाळीस हजार. मी जितलो! तुमाला सांगतो, कुस्ती मारल्यागत हात वर केला मी!

टेम्पोतनं जोडी आली. त्यातल्या एकाच्या डाव्या पायाचं मधलं बोट न्हवतं. मी इचारलं तर टेम्पोवाला म्हणाला, "जातिवंत असत्यात त्येंचं एक बोट कमी असतंय." मी दोन गल्ल्यांना सांगितलं, जातिवंत हाय म्हणून! पैल्या दिवशी त्या जातिवंतानं पाण्याची बादली फाडली. फोडली न्हाय हो, फाडली, पत्र्याची! दुसऱ्या दिवशी शालूचं जोडवं गिळलं. तिसऱ्या दिवशी शेजारचं कुत्रं आत आलं, त्ये कौलावर गेलं, कसं गेलं त्येचं त्यालाबी म्हाईत न्हाय, दोन दिस उतरंना. मी गोठ्यात शिरायचो त्ये डोस्क्याला टोपलं बांधून आन पोटाला गादीची गुंडाळी करून. शालू म्हणायची, "मी जातो बगा म्हायेरला!" मी म्हणायचो, "म्हायेर फुडच्या गल्लीत हाय, आन तितं तुझा भाऊ माझी चांदणी घिऊन बसलाय, जा!" मग पुन्हा फुकणी. पर सांच्याला मी न चुकता शाहूपुरीत जायचो, काचंतनं फळा बघायचो. एक्केचाळीस. त्रेचाळीस. पंचेचाळीस! घरी येऊन शालूला म्हणायचो, "सकाळपास्नं बसल्या जागी पाचशे मिळवलं आपण." ती म्हणायची, "मग त्या पाचशाचं दूध आणा." आन मी मेव्हण्याच्या म्हशीचं दूध इकत कसं आणणार? काळा च्या प्यालो, पावणं. तीस वरसं म्हस पाळलेला माणूस काळा च्या प्याला! पर भाव चढायलाय की!

आला पाडवा. तुमाला म्हाईत न्हाय, पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवत्यात. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, कवड्यांच्या माळा, पायात घुंगरू. आन मग मालकानं मोटारसायकलीचा सायलेन्सर काढायचा, फाट् फाट् फाट् करत म्होरं पळायचं आन म्हशीनं त्या आवाजाच्या मागं पळायचं. हजार गाड्यांत म्हस आपल्या मालकाच्या गाडीचा आवाज वळखती. चांदणी पारडू हुती तवापास्नं माझ्या गाडीमागं पळतीया, दोन डाव पैला नंबर. आन औंदा? औंदा माझ्याकडं म्हसच न्हाय. तीस वरसांत पैल्यांदा मी पाडव्याला रिकामा! लोक काय म्हणतील? मग डोस्क्यात आलं, रिकामा कशानं? जोडी हाय की! चार हजार माणसाम्होरं एमू पळवला तर भाव कुठं जाईल? पन्नास! साठ! म्हस मोटारसायकलीमागं पळती, मग एमू काय लंगडा हाय? एक बोट कमी हाय, पर लंगडा न्हवं!

शालू म्हणाली, "नगा." येवढंच. फुकणीबी उचलली न्हाय, तवाच मला कळाय पायजे हुतं.

दोघांच्या माना गुलालानं रंगवल्या, गळ्यात कवड्या घातल्या. घुंगरू बांधायला वाकलो तवा दोन लाथा खाल्ल्या, त्या मोजत न्हाय मी. दोघांची दावी गाडीच्या मागल्या कॅरेजला बांधली आन आलो मैदानात. लोक बाजूला झालं. एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "कुठला द्येव म्हणायचा ह्यो?" म्होरल्या बाजूला सयाजी, नवा फेटा बांधून, आन त्येच्या बाजूला माझी चांदणी. शिंगं लालभडक. मी तिच्याकडं बगितलं न्हाय. खरं सांगू, बगवलं न्हाय. आन गाडीला किक मारली.

फाट् फाट् फाट् फाट्!

एमू पळालं. पळालं की! पर गाडीच्या मागं न्हाय, गाडीच्या म्होरं! आन एकाच दिशेला बी न्हाय, एक नदीकडं आन एक शिवाजी पुलाकडं, मधी गाडी आन गाडीवर मी! कॅरेज तुटलं, गाडी आडवी, मी खाली, एक एमू दावं तोडून नदीत शिरला त्यो आजून आलेला न्हाय. दुसरा, जातिवंत, त्यो वळला. माझ्याकडं बगितलं. आन हाणली! तुमाला सांगतो, आत असा आवाज आला जसं वाळलं काटूक मोडावं. मी पालथा. त्यो दुसरी घालाय पाय उचलतोय, मला त्येची तीनातली दोन बोटं दिसायल्यात, मी डोळं मिटलं...

आन जमीन हादरली.

चांदणी! माझ्या गाडीचा आवाज ऐकला हुता की तिनं! दावं तोडलं न्हाय, दाव्याला धरलेला सयाजीच सोबत घिऊन आली, फेट्यासकट फरफटत! आली ती थेट माझ्यावर हुबारली, चार पाय चार बाजूला, मधी मी. आन त्या आस्ट्रेलियाला तिनं शिंगावर घेतला आन असा भिरकावला, असा भिरकावला... त्यो बक्षिसाच्या मांडवात, ढाली खाली, ढालीवर पंच, पंचावर एमू! चांदणीमागं बाकीच्या म्हशी सुटल्या, म्हशीमागं मालक, कुणाच्या म्हशीनं कुणाच्या मोटारसायकली तुडवल्या, आन मग काय, माणसं! आमची गल्ली त्येंच्या गल्लीवर, काठ्या, चपला, शिंगाला बांधलेलं फुगं फुटायल्यात, एकाच्या डोस्क्यात तर नारळ फुटला, आन त्यो म्हणतोय, "नारळ माझा हाय!"

मी म्हशीखाली आन माझ्या बाजूला सयाजी. दोघंबी मातीत. त्येनं माझं नरडं धरलं, मी त्येचा कान. "माझी म्हस सोड!" "माझी हाय, पस्तीस मोजल्यात!" आन तेवढ्यात त्यो जातिवंत मांडवातनं लंगडत आमच्या म्होरनं गेला. सयाजीचा हात माझ्या नरड्यावरनं ढिला झाला.

"दाजी... ह्येचं मधलं बोट?"

"न्हाय. जातिवंत हाय."

"जातिवंत कुठला? माझ्याच हातनं दार लावताना चेंबटलं हुतं त्ये! दाजी, ह्यो माझाच एमू हाय! मी आठाला घेतलेला!"

त्येनं पंचवीसाला इकलेला एमू मी चाळीसाला घेतला, आन त्या पंचवीसात त्येनं माझी म्हस घेतली. कान सोडला मी त्येचा. म्हणलं, "सया... मग शेवटचा त्यो मीच का रं?"

दुसऱ्या दिवशी आमच्यागत दोन-अडीचशे शेवटचं शाहूपुरीत. दाराला कुलूप. सायब कोटासकट गायब. मग जे झालं त्ये काय सांगू? काच फुटली, टेबलं फुटली, पंखा उपसला, एकानं भिंतीची खुंटी उपटली, मोडायला काय उरलं न्हाय तवा एकमेकांस्नी हाणलं. मी, बरगडीला पट्टा बांधलेला, मला काय गावलं? सायबाच्या खुर्चीचं चाक. याक चाक! आन सयाजीला? सयाजीनं त्यो फळा आणला.

शालू आता नुसता काळा च्या म्होरं आदळती. जातिवंत गोठ्यात हाय. कापावा म्हणलं रश्शाला, तर सुरी घिऊन आत जाणार कोण? मग एक दिस मान खाली घालून गेलो सयाजीच्या दारात. त्येचे दोन दात पडल्यालं, गुडघा सुजलेला. चांदणी त्येला सडाला हात लावू देत न्हाय, रोज लाथ! मनात म्हणलं, जमलं! म्हणलं, "सया, तुझ्या काय कामाची? दे मला. हप्त्या-हप्त्यानं पस्तीस देतो."

म्हणाला, "दाजी, पस्तीस? पाडव्याला चार हजार माणसाम्होरं एमू उडवलाय तिनं! पंचेचाळीस."

दुसऱ्या दिवशी गेलो, पंचेचाळीस कबूल म्हणलं. म्हणाला, "अट्ठेचाळीस." तिसऱ्या दिवशी एक्कावन्न. आन गोठ्याच्या दारात काय टांगलंय म्हाईत हाय? त्यो फळा! मी गल्लीच्या टोकाला दिसलो की सयाजी हातानं पुसतोय आन खडूनं ल्हितोय. काल मी वरडलो, "आरं, म्हस तीच, दूध तेच, तुला तर धारबी काढू देत न्हाय, मग भाव चढतोय कशानं?"

तर दात पडलेल्या त्वांडानं हसून म्हणतोय, "दाजी, तुमी रोज इचाराय येताय न्हवं, म्हणून!"

आता सांगा पावणं, काय करायचं? न्हाय गेलो तर चांदणी हंबारती, हितंपर्यंत ऐकू येतंय... ऐकलासा? हीच. गेलो तर फळा पुसतोय. आज सकाळी शालू गेलती, म्हणाली सत्तावन्न ल्हिलंय. उठा, जरा हात द्या, बरगडी धरा, हळू... सत्तावन्नालाच घिऊन टाकतो. काय करणार? भाव चढायलाय की!